टॉन्सिलचं पान

“काकू, टॉन्सिल काढल्यावर आवाज बदकासारखा होतो का?”

आवाज बदलणारच अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून आईबाबांबरोबर दवाखान्यात आलेल्या त्या मुलीने शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या अनोळखी बाईंना बेधडक विचारून टाकलं. आईने कपाळाला हात लावला.

“बदकासारखा नाही गं होत. पण मी डॉक्टर नाही, इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहिते. आत्ता टॉन्सिलचंच पान दुरुस्त केलं.”

“म्हणजे बाबांनी काल वाचलेलं? ‘टॉन्सिल काढाच’ असं लिहिलेलं?”

“ते वाक्य मी काढलं. अभ्यासांत एवढंच दिसतं, की पहिल्या वर्षी घसा थोडा कमी दुखतो. पुढे फारसा फरक नाही.”

“अहो ताई, त्या वाक्यावर तर आम्ही ऑपरेशनची तारीख घेतली!” बाबा ताडकन उठले.

“पण त्याला पुरावाच नव्हता.”

“आणि उद्या तुमचं वाक्य कुणी काढलं तर?” आईने विचारलं.

“काढू शकतात की. म्हणून खालचा संदर्भ बघायचा. अभ्यास कुणी केला, किती मुलांवर केला.”

“मग हिचं ऑपरेशन करायचं की नाही?” बाबांनी विचारलं.

“ते पान कसं सांगणार?”

बाबांनी फोनवर ते पान पुन्हा उघडलं आणि आई त्यात खालचा संदर्भ शोधू लागली.

“आई, बाबा, माझं ठरलं!” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “ऑपरेशन खरंच हवं का, हे आत गेल्यावर डॉक्टरांनाच विचारणार, आणि मला उत्तर कळेपर्यंत माझ्या टॉन्सिलला कुणी हात लावायचा नाही.”