साठांतल्या बावीस मशिनी

(लातूर. संगणकावरच्या परीक्षांचं केंद्र. शनिवार, दुपारचे अडीच. सतरा नंबरची मशीन उघडून ठेवलेली.)

भुजंग : तुमच्या त्या परीक्षेवाल्या साहेबांनीच केलं हे. मंजूर मालाच्या यादीत दोन कंपन्यांचे प्रोसेसर चालत होते. एक नाव खोडलं अन् आपली मान दुसरीच्या हातात देऊन मोकळे झाले. खोडताना एकालाबी लाज वाटली न्हाई?

वर्षाराणी : साहेबांना नंतर शिव्या द्या, दाजी. सतरा नंबर का बंद पडला, ते सांगा. सराव परीक्षेत सकाळपासून ही तिसरी.

भुजंग : तापला.

वर्षाराणी : नवा प्रोसेसर अर्ध्या तासात तापतो?

भुजंग : ऊन लई हाय बाहेर.

वर्षाराणी : ऊन बाहेर आहे, मशीन आत आहे. दाजी, उद्या नऊला इथं साठ पोरी बसणार. नर्सभरतीचा पेपर. लोह्याहून, कंधारहून पहाटेच्या गाडीनं निघणार. मशीन बंद पडली तर गेलेला वेळ मिळत नाही, तसा नियमच आहे. आज पाचला परीक्षेवाल्यांचा माणूस येऊन सगळ्या मशिनींना सील लावणार आणि माझी सही घेणार. 'सर्व मशिनी नव्या व तपासलेल्या.' केंद्रप्रमुख म्हणून माझी. म्हणून विचारतेय.

भुजंग : खरं सांगितलं तर वरडू नको.

वर्षाराणी : सांगा तर. वरडायचं का ते मी बघते.

भुजंग : ही प्रोसेसरची चिप बघ. वरची थंड ठेवायची पेस्ट मी लावलेली, पांढरी. कडेच्या खाचेत काय दिसून राहिलं?

वर्षाराणी : काळं. वाळून खपली झालेलं.

भुजंग : ती जुनी पेस्ट. ही चिप आधी कुठंतरी वर्सन्‌वर्स राबून आली. नवी म्हणून इकली मला.

वर्षाराणी : आज कळलं तुम्हाला?

भुजंग : बसवतानाच.

वर्षाराणी : बसवताना! आणि गप्प बसलात?

भुजंग : स्पिरिटनं पुसलं अन् बसवली. एक न्हाई. बावीस.

वर्षाराणी : ताईनं शब्द टाकला म्हणून काम दिलं तुम्हाला. संस्थेतल्या लोकांची बोलणी खाल्ली, 'मेहुण्याचं घर भरती' म्हणून. आणि तुम्ही स्पिरिटनं पुसता?

भुजंग : काय करू मग? दोन कंपन्या होत्या तवा नांदेडचा व्यापारी मलप्पा स्वतः औशाला यायचा. माझ्या दुकानात मांडी घालून बसायचा. हिचा घ्या, तिचा घ्या, न्हाई चालला तर वापस द्या. आता त्या खोडलेल्या कंपनीनंबी आपल्या टेबलावरच्या मशिनीसाठी सस्ता माल बनवणंच सोडलं. तिला मोठी गिऱ्हाइकं गावली. राहिली एक. अन् तिचा माल मिळतो लिंकिंगनं.

वर्षाराणी : लिंकिंग? खताचं असतं तसं?

भुजंग : तस्संच. डीएपीच्या पोत्यासंगं नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारतात ना? तसं एका प्रोसेसरसंगं दोन वर्सं पडून राहिलेला बोर्ड घ्या, न्हाईतर जावा. मी म्हणलं, न्हाई घेत. तर बंद डब्यातले नवे अडतीस दिले अन् हात वर केले. बाकी बावीस मलप्पानं सुटे काढून दिले. तुझी तारीख डोक्यावर.

वर्षाराणी : माझ्या तारखेवर नका ढकलू. तुम्ही प्रत्येक मशीनला ऊन दाखवता ना? पत्र्याच्या खोलीत, पंखा बंद करून, दिवसभर चालू ठेवता. त्याच्यावर तर तुमचं नाव आहे औशात.

भुजंग : अडतीसला दाखवलं. टिकली, की मशिनीच्या मागं कुंकवाचं बोट लावतो मी. ह्या बावीसला दाखवायला दिवस उरला न्हाई.

वर्षाराणी : खरंच?

भुजंग : दिवस होता. हिंमत नव्हती. बंद पडल्या असत्या तर दुसऱ्या आणल्या कुठून असत्या?

वर्षाराणी : बरं. म्हणजे कुंकू नाही त्या बावीस. निदान तेवढ्या बाजूला तरी काढू.

भुजंग : जा, मागून बघ.

वर्षाराणी : हिला आहे. हिलाही आहे. ही... दाजी, सगळ्यांनाच आहे!

भुजंग : टेम्पोत चढवायच्या आधी आईनं पूजा केली. मी दोरखंड आणाया गेलतो. तुळजाबाई नाव तिचं, काम अर्धं न्हाई करत. अडतीसवर माझं बोट बघितलं, त्याच जागी साठच्या साठला लावून मोकळी. वर मलाच म्हणती, एवढ्या लेकरांला उघड्या कपाळानं धाडत होतास व्हय रे?

वर्षाराणी : मला रडावं का हसावं कळेना.

भुजंग : उघडून बघावं लागंल. एकीला पंधरा मिनटं.

वर्षाराणी : साठांचे पंधरा तास. आपल्याजवळ अडीच. आणि सापडल्या तरी घालणार काय? लावा त्या मलप्पाला. स्पीकरवर.

मलप्पा : बोला भुजंगअण्णा! जेवण झालं का न्हाई?

भुजंग : मलप्पा, त्या बावीस राबलेल्या चिपा हायेत. डब्यातल्या दे. तुझं लातुरात गोदाम हाय, आत्ता येतो.

मलप्पा : तुमाला ठाऊक न्हवतं का? देताना म्हणलो होतो की, अण्णा, डब्याबिगर आहेत बघा. तुमी मान हलवला.

भुजंग : हलवली. चुकलं माझं. आता दे.

मलप्पा : कुठनं देऊ? वरनंच माल न्हाई. आला तर ज्यांनी बोर्ड उचलला त्यांना आधी.

भुजंग : मी उचलतो. सगळे उचलतो.

मलप्पा : आता? ती यादी बंद झाली की.

वर्षाराणी : मी केंद्रप्रमुख बोलतेय. जुना माल नवा म्हणून दिलात. तक्रार करीन मी.

मलप्पा : करा की ताई. माझा कागद कुठाय? कागद अण्णाचा, सही तुमची. अन् तक्रार करून उद्या प्रोसेसर कुणाकडनं घेणार? पयले दोन होते. अण्णा रागावला, की दुसऱ्याचा घ्यायचा. म्हणून मी चहा पाजायचो त्यांना. आता रागवा की. दार उघडंच हाय. बाहेर काय हाय ते बघून मग जावा.

भुजंग : मलप्पा, पोरींची परीक्षा हाय रे.

मलप्पा : म्हणून सांगतो, एसी वाढवा अन् देवाचं नाव घ्या. ठेवतो अण्णा.

वर्षाराणी : ठेवला पण.

भुजंग : कर सही, वर्षा. बावीसातल्या धा-बारा टिकतीलबी.

वर्षाराणी : आणि उरलेल्या धा? त्यांच्यासमोर कोणत्या पोरी बसवू? तुम्हीच बोट दाखवा.

भुजंग : मला भ्या वाटून राहिलं. परीक्षेचं प्रकरण हाय. मुद्दाम बिघडवल्या म्हणतील. पेपर फोडणाऱ्यांच्या रांगेत उभं करतील मला. गावात कोण इचारतो, चिप काय अन् पेस्ट काय? भुजंगाला नेलं, एवढंच ऱ्हाईल.

वर्षाराणी : मी फोन लावतेय. केंद्र जाईल, नोकरी जाईल. घरी काय सांगू, तेही कळेना.

भुजंग : मग कुणाला लावून राहिली?

वर्षाराणी : परीक्षेवाल्यांना.

भुजंग : माझं नाव सांगशील?

वर्षाराणी : तुमचंही, माझंही.

भुजंग : ...आधी माझं सांग.

वर्षाराणी : हॅलो? लातूर केंद्रावरून वर्षाराणी बोलतेय, केंद्रप्रमुख. साहेब, उद्याच्या साठ मशिनींत बावीस भरवशाच्या नाहीत. कोणत्या, ते आम्हाला सांगता येत नाही. चूक आमची, लिहून देते. मशिनी बसवणाऱ्याचं नाव भुजंग... नाही, दुसऱ्या घालता येत नाहीत. तुमच्या यादीत एकच कंपनी ठेवलीत. तिचा माल इथं एकाच माणसाकडं आणि तो देत नाही... पेपर पुढं ढकला, नाहीतर बंद पडलेल्या मशिनीचा वेळ पोरींना परत द्या... काय? सही करून मोकळी होऊ? हे तुम्ही सांगताय?

भुजंग : काय म्हणून राहिले?

वर्षाराणी : साहेब, तुमचं नाव काय? नाही, सील लावायला येणाऱ्या माणसाचं नको, तुमचं... हॅलो? ऐकताय ना? बरं, नाव राहू द्या. पहाटे पोरी गाडीत बसतील. त्यांना या म्हणू, का येऊ नका म्हणू? मी फोन ठेवत नाही. सांगा.