सॅकचा पट्टा

नाई नाई भाऊ, आपोआपच तुटला, सांगून राह्यली न मी – बसल्या जागी. तुमच्याच दुकानातली हाय न ही सॅक? मागच्या महिन्यात आमचे घरवाले आले होते – वारलू गुरनुले, भद्रावतीचे, फॅक्टरीतून रिटायर झालेले, चष्म्याले दोरी बांधलेले – हां, तेच. तुम्हीच त्यायले म्हन्लं होतं, काका, हिच्यात आख्खं घर मावते. मावलं बाप्पा, घर मावलं, माणसंच बाहेर राह्यली. – पैसे नोका देऊ वापस, पैसे कोण मागून राह्यलं? ते आले तं एवढंच सांगा, का ह्या पट्ट्याचं आता काईच होत नाई, अन् दुसरी सॅक दुकानात नाई. बस. एवढं खोटं बोललं तं तुमचं काय जाते?

काऊन म्हणजे? बासष्ट वर्षाचा माणूस हाय भाऊ तो. जिंदगीभर सायकलनं फॅक्टरीत गेला अन् सायकलनं घरी आला. अन् आता दसरा झाला का चालला उत्तराखंडच्या पहाडात – अठरा दिवस पायदळ, पाठीवर बोजा, तंबूत झोपाचं. कोणासंगं? तं त्यायच्यासारखेच अजून चार बुढे. आमचा आदेश पुण्यावरून फोनवर म्हणते, जाऊ दे न आई, बाबाले हौस हाय. महिना झाला, रोज सकाळी सॅकमधे दहा किलो तांदूळ भरते माणूस अन् विजासनच्या टेकडीवर चढते, उतरते. कॉलनीतल्या बाया मले इचारते, वहिनी, भाऊजी तांदूळ विकाले जाते का? नवे जुते घेतले, तं पायाले फोड. शिटी घेतली एक. शिटी काऊन? तं म्हणे, मी पहाडात हरपलो तं वाजवाले. मी म्हन्लं, अन् मी घरात हरपली तं? – हासले नाई.

पहाडाचं भेव नाई मले. घरी सासू हाय माही, भागीरथाबाई, दोन वर्षापासून खाटेवर. हे रिटायर झाले अन् त्याच साली तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ह्यायनंच केलं सगळं, खोटं काऊन बोलू? आईचं अंग पुसणं, कूस बदलवणं, भात चारणं – लेकीनं केलं नसतं एवढं केलं. मंग पोळ्याच्या आधी एका सकाळी हे पाण्याचं घमेलं घेऊन गेले, तं बुढीनं लुगडं वढून घेतलं अन् बोंबलली – हा कोण माणूस हाय, ह्याले बाहेर काढा! हे म्हणे, आई, मी वारलू. तं म्हणे, वारलू तं शाळेत गेला. – तवापासून हात लावू देत नाई. हे खोलीत आले का तोंड झाकते. आठ-दहा दिवस नुसते दारात उभे राहत, घमेलं घेऊन. मंग इथी आले अन् सॅक घेतली. मले समजत नाई का? समजते न. घरात असून उभं राहाले जागा नाई त्या माणसाले. पण भाऊ, तिथी फोन लागत नाई म्हणते – अन् अठरा दिवसात बुढीचं काई झालं तं आग कोण देईन? इचारलं मी. तं म्हणे, तिच्या लेखी मी शाळेतच हाव अजून, मी नसलो तरी चालते.

काय पाहून राह्यले एवढं, जवळ धरून? – हो, दोरे एकसारखे कापले गेले हायेत. घासून तुटला असता तं रेशे निघाले असते, ठाऊक हाय मले, मीबी पंधरा वर्ष लोकायचे ब्लाउज शिवले. – इळ्यानं कापला. मीच. परवा.

रागानं नाई हो. ऐका न. हे फोड दाखवाले दवाखान्यात गेले होते. सॅक भरून, सजवून, भिंतीले टेकवून ठेवली होती. झाडू माराले म्हणून बाजूले सरकवाले गेली, अन् – घातली पाठीवर. कमरेचा बेल्टबी लावला, छातीचाबी, टक् करून लागते न तो. कपाटाच्या आरशात पाह्यलं. हातात जड वाटते भाऊ, पण पाठीवर घेतल्यावर वाटत नाई एवढी. आंगणात गेली, वापस आली. मंग फाटकापावतर गेली. फाटकाची कडीबी काढली – काऊन काढली ते मले इचारू नोका, मले मालूम नाई. अन् खिडकीतून बुढीचा आवाज आला. पोटचा पोरगा ओळखू येत नाई जिले, पोळ्यापासून कोणाचं नाव घेतलं नाई जिनं, ती म्हणते – सीता, कुठी चालली वो? मले सोडून? – नाव घेतलं माह्यं. बरोबर.

कडी लावली. आत आली. सॅक उतरवली, तिले भात चारला, तोंड पुसलं. मंग इळा घेतला.

नाई, असं नोका म्हणू. काकू, तुम्हीच जाऊन या म्हन्ता – बोलाले काय जाते तुमचं? आता इथी याले शेजारच्या पुनमले बुढीपाशी बसवून आली, तं तिनं मी बाराच्या बसनं वापस येईपावतरच हो म्हन्लं. मी गेली तं बुढीपाशी कोण बसन? ह्यायले ती हात लावू देत नाई. सुनेची नोकरी हाय पुण्याले. तुम्ही बसता?

बोला न. बसता?

– मंग.

मशीनवर शिवता येते म्हन्ता? शिवा. दुहेरी टाका घाला, तिथी पहाडात तुटला तं काय करन तो माणूस एकटा. – नाई, चहा नोको मले. अन् आता काई इचारू नोका. शिवा तुम्ही.