न सापडलेल्या कणाचं नाव

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या संपादकबाई, त्यांचे यजमान आणि कोश-कार्यालयातल्या माझ्या सोबत्यांनो,

बाईंचे सगळे गुण सांगत बसलो तर तुमचा चहा निवेल. म्हणून एकच प्रसंग सांगतो. अध्यक्षांची परवानगी आधीच घेतली आहे, कारण प्रसंगात तेही आहेत!

विज्ञानकोशाचं काम 'ट'पर्यंत आलं होतं. बैठकीत 'टॅकिऑन' हा शब्द निघाला. प्रकाशापेक्षाही वेगाने धावणारा, केवळ कल्पनेतला कण. आजवर कुणाला सापडलेला नाही. अध्यक्ष म्हणाले, जे सापडलंच नाही त्याला कोशात जागा कशाला? शब्द बाद होणार, तेवढ्यात बाईंना फोन आला. यजमान कामावर कोसळले होते. बाई तशाच निघाल्या, सोबत मी.

रुग्णालयात खाटेशेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ नुसती उड्या मारत होती. यजमान शुद्धीवर नव्हते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "टॅकिकार्डिया आहे." आता या रडणार, असं मला वाटलं. पण बाईंनी विचारलं, "यातलं 'टॅकि' म्हणजे काय?"

"मूळ ग्रीक शब्द. वेगवान. हृदय दमलं, की कधीकधी असं धावत सुटतं."

बाई बाकावर बसल्या. मग मला म्हणाल्या, तो कणही म्हणे तसाच, ऊर्जा घटली की वेग वाढतो. माझ्या अंगावर काटा आला. कुठे ती विश्वाबद्दलची कल्पना, कुठे खाटेवरच्या माणसाची छाती, आणि दोन्हींना एकाच मुळातून फुटलेला शब्द!

देवाची कृपा, औषध लागू पडलं. बाई बैठकीला परतल्या आणि समितीला त्या शब्दाची सगळी भावंडंच समजावू लागल्या. ग्रीक 'ब्रॅडिस' म्हणजे संथ, म्हणून प्रकाशाहून हळू जाणारा तो ब्रॅडिऑन. आपण सगळे त्यांचेच बनलेलो. लॅटिन 'लक्स' म्हणजे उजेड, म्हणून प्रकाशाच्याच वेगाचा तो लक्सॉन. 'टॅकिस' म्हणजे वेगवान, त्यावरून आपला टॅकिऑन. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, पण तो सापडलाय कुठे?

बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, परवा मी यांच्या उशाशी बसून हाका मारत होते. ओ येईल याची खात्री कुठे होती? पण हाक मारायची तर नाव लागतं."

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि शब्द ठेवला. कोशात त्यापुढे छापलंय: 'कल्पित; अद्याप आढळलेला नाही.'

तो कण असेल का? देव जाणे. पण कधी न दिसलेल्यासाठीही माणूस नाव तयार ठेवतो, याने मी आजही थक्क होतो. बाई, हे थक्क होणं तुम्ही शिकवलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ग्रीक उच्चार मात्र बाई पोटात घालणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.