अष्टमीच्या ओहोटीचा अर्ज

विषय: इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या पाठासाठी खाडीकाठच्या कांदळवनात नेण्याची परवानगी मिळणेबाबत. संदर्भ: आमचा अर्ज आणि त्यावरची शिक्षण कार्यालयाची तीन पत्रं. तर तुम्हाला सांगतो, तो अर्ज मी लिहिला, निवृत्तीनंतर लिहिला, आणि चूकही माझीच. माझं काही म्हणणं नाही.

विक्रोळीतल्या आमच्या शाळेत मी एकतीस वर्षं लिपिक होतो. विज्ञानाच्या सुलक्षणाबाई जवळजवळ तेवढीच वर्षं फळ्यावर खडूने तिवराची मुळं काढतायत, चिखलातून वर येऊन श्वास घेणारी, आणि खरी मुळं कुठे, तर शाळेपासून वीस मिनिटं चालत... एकही वर्ग कधी तिथे गेलेला नाही. बाई एप्रिलअखेर निवृत्त होणार. फेब्रुवारीत घरी आल्या, म्हणाल्या, "काशीरामभाऊ, ही माझी शेवटची आठवी. एकदा तरी पोरांना खरं झाड दाखवू दे. तुमच्या हातचा अर्ज परत येत नाही."

आता मी देवगडचा, आम्हाला भरती-ओहोटी तिथीवरून कळते, म्हणून सवयीने लिहून गेलो: 'अष्टमीस दुपारी बारा वाजता.' पंधरा दिवसांनी पहिलं पत्र: 'शालेय वेळेत धार्मिक कार्यक्रमास परवानगी देता येत नाही.'

कार्यालयात गेलो. टेबलावर श्यामसुंदर, माझ्याच वेळचा. म्हणे, "अहो काशीराम, एवढे मुरलेले तुम्ही, अष्टमी कशाला घालता? साहेबांना वाटलं, खाडीवर पूजा आहे."

"अरे, त्या दिवशी दुपारी पाणी उतरलेलं असतं."

"कोणाच्या आदेशाने?"

"चंद्राच्या."

"मग तसं नमूद करा ना."

नमूद केलं, वर तारीखही घातली. दुसरं पत्र: 'ओहोटी असल्याबद्दल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.' आता सक्षम अधिकारी कोण, तुम्हीच सांगा? मी बंदराचं छापील वेळापत्रक जोडलं, तोवर ती अष्टमी गेली, मग पुढची तारीख, मग पुढची... मीही एकतीस वर्षं लोकांचे अर्ज असेच परत केलेत, त्यामुळे माझं काही म्हणणं नाही.

इकडे बाईंनी वर्गातच घमेल्यात चिखल भरला, त्यात शीतपेयाच्या नळ्या उभ्या खोचल्या, म्हणाल्या, ही श्वसनमुळं समजा. प्रांजल नावाची पोरगी घमेल्यात डोकावून विचारते, "बाई, यात खेकडा कुठाय?"

बाई म्हणाल्या, "त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो गं."

वर्ग हसला. बाई नाही हसल्या.

एप्रिल संपला, बाईंना शाल-श्रीफळ मिळालं, आठवी नववीत गेली. जूनमध्ये तिसरं पत्र आलं: 'अर्जदार शिक्षिका सेवेत आहेत किंवा कसे, याचा खुलासा करावा.' खुलासा केला, नाहीत. त्याची पोच मिळाली. अर्ज प्रलंबित आहे.