पाठमोरं वजन

—नाही, नाही, तुझा नियम बरोबरच असणार, ब्रिन, मी कुठं नाही म्हणतेय. मी एवढंच म्हणते की माझ्या मॅलरीच्या अंगात स्वेटर राहू दिला तर काय बिघडतं? गेल्या वेळी त्या दुसऱ्या नर्सनं राहू दिला होता—ती लाल केसांची, गोड होती—म्हणाली, मॅलरी, थंडी वाजतेय तर असू दे. आणि आज तू एकदम बिनबाह्यांचा गाऊन हातात दिलास. म्हणजे तिचे दंड आता आपण सगळ्यांनी बघायचे. तिचा जिम्नॅस्टिक्सचा कोच हेच करायचा ना—मुलींना ओळीत उभं करून वजन करायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा, आणि मग एकेकीला आत बोलावून दार लावून—ते तिनं तुम्हाला सांगितलंय, मी कशाला परत. इथे तुम्ही काट्यावर पाठमोरं उभं करता, आकडा तिला कळूच देत नाही, ते बघून मला इतकं बरं वाटलं होतं. मग चाललं होतं की नीट.

अगं येईल बाथरूममधून बाहेर. हात धुतेय. खोली छान केलीय हं तुम्ही—सोफा, दिवा, डोळ्यांवर बांधायची ती पट्टी, आणि वाटीत ती मशरूमच्या औषधाची एकच गोळी. ड्वेन, तिचे वडील, हेगर्सटाउनच्या घरापासून इथपर्यंत हेच म्हणत होते—आयुष्यभर पोरीला बजावलं, असली नशेची मशरूम तोंडात घालू नकोस, आणि आता स्वतः गाडी काढून तिला ती खायला घेऊन चाललोय. खाली गाडीत बसलेत. वर येत नाहीत, रडू येईल म्हणून. हस की जरा—बरं, नको हसू.

दोघं थेरपिस्ट दिवसभर तिच्याजवळ बसणार, हो ना? हात धरायचा की नाही ते आधीच ठरवून घेता तुम्ही, तर तिनं सांगितलंय—उजवा धरा, डावा नको. इतक्या वर्षांत तिनं कुणाला हात धर म्हटलं नव्हतं. मलासुद्धा. म्हणून म्हणते गं, एवढ्याशा कारणावरून अडवू नका. वजन कमी भरलं की तुम्ही तिला ह्या प्रयोगातून काढणार, मग परत वॉर्ड, परत नाकातून अन्नाची नळी—मागे घातली तेव्हा तिनं ती उपसून काढली होती. आणि स्वेटरचं म्हणशील तर तो मुळातच जड आहे, वाळत नाही लवकर, मी धुते ना, मला माहितेय, काठात ते शिसं—म्हणजे—गळाला लावतात ते. ड्वेनच्या मासेमारीच्या पेटीतलं. मी नाही शिवलं हं. तिनंच शिवलं. मला धुताना हाताला लागलं. टाके उसवत आले होते. मी ते पक्के केले.

अशी बघू नकोस माझ्याकडे. खाणं सोडल्यापासून तीन वर्षांत पोरीनं पहिल्यांदा कशाची तरी वाट बघितली होती—मी काय करायला हवं होतं, कात्री आणायची? आणि आज तर गाऊनच आहे, शिसं नाहीच, म्हणजे तुझा आकडा एकदम खरा—हात धुवायला इतका वेळ लागत नाही. मलाही ऐकू येतोय तो नळ. पाणी पितेय ती, ब्रिन. ओंजळीनं पितेय. बाहेर येईल, पाठमोरी उभी राहील, आकडा हवा तेवढा भरेल आणि तुला वाटेल, झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं वजन कशासाठी बघतात ते—गोळी घेतली की हृदय जोरात धावतं, त्याला ते झेपायला हवं. ईस्टरला ती जिन्यात कोसळली. ते आम्ही इथे बोललो नाही कुणीच. ती म्हणाली, आई, नको ना सांगूस.

ती वाटी उचल. मी नाही, मला उचलवणार नाही—तू उचल, ती बाहेर यायच्या आत. कुणी सांगितलं विचारेल, तर माझं नाव सांग. ती बोलणार नाही माझ्याशी पुढे, ते माझं मी बघेन. आणि जा आता, ब्रिन, डॉक्टरांना घेऊन ये. दार मी वाजवते.