लिटरमागं रुपया

हसू नका, ऐका. गावच्या पेट्रोलपंपाची टाकी गळली आन् आमच्या गोड्या विहिरीला डिझेलचा वास सुटला. पंपवाला म्हणला, "लिटरमागं रुपया जादा द्या, साफ करतो." दिला. त्यानं खाल्ला. मी कॉलर धरली, पण विहीर गेली ती गेलीच.

परवा हितं जपानात, सेंदाईत, पोराच्या घराशेजारी, एक म्हातारा बंद पंपाची टाकी उकरत होता. तोच वास! माझं डोकं फिरलं. "किती रुपये खाल्लंस रं?"

म्हातारा कमरेत वाकला, त्याच्या भाषेत कायतरी बोलला. सून पळत आली.

"काय म्हणतोय गं?"

"बाबा, माती ते स्वतःच्या पैशानं साफ करतायत. वासाबद्दल तुमची माफी मागतायत."

उगारलेला हात दुसऱ्या हाताला जोडला. म्हणलं, "सांग त्याला, तू आमच्या गावात असतास तर लिटरमागं दोन रुपये दिले असते. अजून त्या विहिरीचं पाणी पीत असतो."