पार्कसाहेबांच्या घरची पाटी

आखातात, अब्बासियाहून मीना अब्दुल्लाच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर झहूरभाई आणि दत्तप्रसाद बोलत होते.

“दत्ता, सकाळी सकाळी मोबाइलवर काय भरतोयस?”

“एमपीएससीचा फॉर्म. वयात बसतो अशी ही शेवटची खेप, झहूरभाई.”

“आधी किती झाल्या?”

“सहा. दोनदा थोडक्यात हुकली, असं गावात सांगतो.”

“आणि खरं?”

“खरं फक्त पार्कसाहेबांना सांगितलं, आपल्या कोरियन सुपरवायझरला. ते हसले नाहीत. म्हणाले, आमच्याकडेही राजाच्या काळात सरकारी हुद्द्यासाठी परीक्षा होती. माणसं केस पिकेपर्यंत पोथ्या घोकायची.”

“म्हणजे तुझे भाऊबंद तिकडेही निघाले.”

“त्यांचे खापरपणजोबा नऊ वेळा बसले. तोवर शेती बायकोने केली.”

“मग झाले पास?”

“नाही. पण तिकडे पितरांच्या नावाची पाटी मांडतात आणि तिच्यावर हुद्दा लिहितात. ज्याला हुद्दाच मिळाला नाही, त्याला ‘विद्यार्थी’ लिहितात.”

“मेल्यावरसुद्धा?”

“मेल्यावरच. मला तर बरं वाटलं. आमची आई अजून पाहुण्यांना सांगते, दत्ता बाहेरगावी अभ्यासाला असतो.”

“आठ वर्षं पाइप जोडतोयस की रे.”

“तेवढं ती सांगत नाही.”

“बरं, आटप. गेट आलं.”

“एकच रकाना राहिलाय. सध्याचा व्यवसाय.”

“वेल्डर लिही. इथल्या सिव्हिल आयडी कार्डावर तेच आहे ना?”

“तेच लिहिलं होतं, आत्ता पुसलं. उद्या पाटी रंगवणाऱ्याचा गोंधळ नको.”